अर्धी रंगवलेली मासोळी

माझ्या थोरल्या भावाचं अकोल्यात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं दुकान होतं. सहा दिवस लोकांच्या गाड्या रंगवायच्या आणि सातव्या दिवशी घरी मासोळ्या, असा त्याचा शौक. मासोळ्या लाकडाच्या, गळाला लावायच्या, बोटभर लांब. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तासायचं, पोटाखाली गळ बसवायचा आणि मग एअरब्रशने रंग. कॉम्प्रेसर भंगारातल्या फ्रिजचा. खवल्यांसाठी कांद्याच्या पोत्याची जाळी अंगावर ताणून वरून फवारा मारायचा. जाळी काढली की खवला न् खवला उमटलेला. डोळा म्हणजे वहिनीची टिकली. वहिनी म्हणायची, "माह्या कपायावर कमी अन् मासोयीवरच जास्त टिकल्या लागतेत या घरात."

मी अमरावतीला नोकरीला. त्याच्या नादाने मीही रंगवायला लागलो, पण माझा हात त्याचा नव्हे. एका मे महिन्यात कूलरसमोर ऐसपैस बसून मी वार्निश मारलं. कूलरच्या ओल्या हवेने ते सगळं पांढरं पडलं. मोठ्या तोऱ्यात अकोल्याला घेऊन गेलो, तर दादा पोट धरून हसला. "मासोयीवर भुरी आली बे!"

त्याचा एक कायदा होता. धरणावर मासे धरायला जाताना ज्याने त्याने स्वतः रंगवलेलीच मासोळी न्यायची. दुसऱ्याच्या मासोळीवर धरलेला मरळ मासा तो मरळच मानत नसे. काठावर पोचलो की तो माझी मासोळी हातात घेऊन फिरवून बघायचा. दोन्ही अंगं सारखी नसली तर त्या दिवशी माझी गळाची काठी गाडीतच राहायची. एकदा शेपटीकडची एक बाजू कच्ची राहिली, म्हणून त्याने मला दिवसभर नुसतं झाडाखाली बसवलं होतं. मीही चांगला पन्नाशीचा माणूस, पण बसलो.

गेल्या हिवाळ्यात त्याला लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत. त्याने उजवी मूठ आवळून दाखवली तेव्हा मला इतका आनंद झाला की दवाखान्यातच उचलली जीभ लावली टाळ्याला. "दादा, एक मासोयी रंगव. रंगवली की धरणावर नेतो तुले."

"शब्द?"

"शब्द."

घरी आणल्यावर कळलं की नुसतं अंग गेलेलं नाही. त्याच्यासाठी डावीकडचं जगच गेलं होतं. ताटातला उजवा अर्धा भाग जेवून तो वहिनीवर चिडायचा, भाजी कावून नाही वाढली म्हणून. दाढी करायचा ती फक्त उजव्या गालाची. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे, मेंदूच डावीकडचं सोडून देतो. रस्त्यावर एकटं सोडू नका आणि पाण्याच्या काठाशी तर नेऊच नका. हा काठीला धरून मागे बसणारा माणूस नव्हे, दगडावरून पुढे पुढे सरकणारा. डावीकडे पाणी आहे हेच त्याला कळणार नव्हतं. कधी बरं होईल विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "बघू." मला त्यांचा राग आला. पण त्यांच्याकडे तरी दुसरं काय होतं?

तरी मी दर रविवारी जात राहिलो. डाव्या हातात मासोळी धरता येत नव्हती, म्हणून मी लाकडाच्या ठोकळ्याला तार लावून ती त्याच्यासमोर उभी केली. तोंड डावीकडे, शेपटी उजवीकडे. त्याने एअरब्रश हातात घेतला आणि मला वाटलं, जिंकलो. तोच हात, तोच फवारा. पाठीवर हिरवा, पोटाला साईचा रंग, मधे एकात एक मिसळलेले. जाळी मी धरली. शेपटीकडून निघाला तो मध्यावर येऊन थांबला. डोक्याकडचा अर्धा भाग पांढराच.

"झाली," म्हणाला.

मी मासोळी फिरवली. आता तोंड उजवीकडे आलं. "ही दुसरी का?" असं विचारून त्याने त्या अंगाला डोकं रंगवलं, टिकली लावली, शेपटी सोडून दिली. म्हणाला, "दोन झाल्या." एका अंगाला शेपटी, दुसऱ्या अंगाला डोकं, आणि हा सांगतोय दोन झाल्या.

"दादा, अर्धी राह्यली."

"कोठी राह्यली? डोये फुटले का तुये?"

मी चिडलो. आजारी माणसावर चिडू नये हे मला कळतं, पण चिडलो. त्याचं बोट धरून कोऱ्या लाकडावर घासलं. "हे काय हे? हे कोनं रंगवाचं?" बोट तिथेच ठेवून तो काहीतरी शोधत राहिला. मग हळूच म्हणाला, "हो, बरोबर हाय." मला वाटलं, समजलं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आता वार्निश आण."

मी वार्निश आणलं. काय करणार होतो?

पुढच्या रविवारी सकाळी पोचलो तर तो ओसरीत खुर्चीवर तयार होऊन बसलेला. डोक्यावर टोपी, मांडीवर काठीची पिशवी, उजव्या हातात ती मासोळी. एक गाल दाढी केलेला, दुसरा खुंटांचा. अंगणाचं फाटक त्याच्या डाव्या हाताला. मी चपला काढून त्याच्या डावीकडच्या स्टुलावर बसलो. त्याला कळलं नाही. मीही हाक मारली नाही. धरणावर नेत नाही म्हणायचं तर ते त्याच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं.

वहिनी उजवीकडून चहा घेऊन आली.

"आला नाही का थो?" त्याने विचारलं. "मासोयी रंगवून तयार हाय अन् साहेबाचा पत्ता नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"गाडी उशिरा असंन," ती म्हणाली.

"येईन," तो म्हणाला. "शब्द देल्ला हाय त्यानं मले."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. उठून उजवीकडे गेलो असतो तर दिसलो असतो. मी उठलो नाही.