दूर्वांतले डाग

ब्रह्मा घाटाच्या गल्लीतून आम्ही शहराबाहेरच्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा बाबांना कौतुक होतं फक्त पुढच्या अंगणाचं. त्यात त्यांनी दूब लावली. इकडे उत्तरेत लॉन म्हणजे दूबच, आणि दूब म्हणजे आपल्या दूर्वा. शेजारपाजारचे लोक लॉनवर खुर्च्या टाकून चहा पितात; आमचे बाबा सोवळं नेसून गणपतीसाठी दूर्वा खुडायचे. कुणी चपलेचा पाय ठेवला की दिवसभर पुटपुटायचे.

आई गेल्यावर मी एक कुत्री पाळली. कॉलेजात शिकवून घरी आलं की दाराशी कुणीतरी वाट बघत असावं, एवढंच मला हवं होतं. ती पायाशी झोपायला लागली आणि मला पुन्हा झोप येऊ लागली. पण ती लॉनवर लघवी करायची, आणि तिथे भाकरीएवढा तपकिरी डाग पडायचा. मी लगेच बादलीभर पाणी ओतायचे. तेवढ्याने गवत सावरायचंही. बाबांचं पाण्याने भागेना. "घाण धुतली जाईल, विटाळ कसा जाईल?" म्हणून ते दूधवाल्याकडून रोज लोटाभर गोमूत्र मागवायचे आणि शुद्धीसाठी डागांवर शिंपडायचे.

डाग वाढले. बाबांनी शिंपडणं वाढवलं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. गोमूत्राने काही बिघडेल, हा विचार आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवणं शक्यच नव्हतं. चतुर्थीला एकवीस धड दूर्वा मिळेनात, तेव्हा बाबा म्हणाले, "या घरात एक तर गणपती राहील, नाहीतर ती कुतिया." मी खूप भांडले. मग त्यांनी जेवण सोडलं. म्हाताऱ्या माणसाच्या हट्टापुढे कोण टिकणार? दूधवाला म्हणाला, पुलापलीकडे रामनगरला माझ्या गोठ्यावर राहील. ऑटोत चढताना ती शेपटी हलवत होती. तिला वाटलं, फिरायला चाललोय.

ती गेल्यावरही बाबा अंगणभर शिंपडतच राहिले, उरलासुरला विटाळ जावा म्हणून. आता तुळशीभोवतीचं गवतही करपलं. तिथे जाळी होती, कुत्री कधी पोचलीच नव्हती. गवताला गाय कुठली आणि कुत्री कुठली? दोघींचंही मूत्र तेवढंच जळजळीत. मी बाबांना बाहेर बोलावून दाखवलं. आवाज चढला होता माझा. हातातला लोटा खाली ठेवून ते म्हणाले, "चल, तिला घेऊन येऊ."

गोठ्यावर दूधवाला नजर वर करेना. "दीदी, ऊ त ओही सांझ के रस्सी तुड़ा के भाग गइल." त्याच संध्याकाळी दोरी तोडून पळाली होती, पुलाच्या दिशेने, म्हणजे आमच्या घराकडेच. रोज दारात दूध घालत होता, पण सांगायचा धीर झाला नव्हता त्याला.

परतताना पुलाशी बाबांनी ऑटो थांबवला. उतरून तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणायचीस गं तू तिला?" इतकी वर्षं ते तिला फक्त 'हट' म्हणत आले होते. मी नाव सांगितलं. धावत्या ट्रकांच्या कडेने चालत ते हाका मारू लागले, आवाज फाटेपर्यंत. मी ऑटोतच बसून रडत होते. ती जवळपास असती तरी आली नसती. तो आवाज ऐकला की पळायचं, एवढंच तिला ठाऊक होतं.