बोटाला लागेल ते खरं

वाशीतल्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर समोर बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ उभे. तळहातावर वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर एक वापरलेलं ब्लेड. "सूनबाई, हे तुमच्याकडचं ना?" त्यांनी इतक्या सौम्यपणे विचारलं, की जणू माझी हरवलेली कानातली कुडीच परत करायला आले असावेत. मी हो म्हटलं. "बटाट्याच्या सालींत होतं," ते म्हणाले. मग जिन्याखाली तीन डबे आहेत, ते एकदा येऊन बघा, असं सांगून ते निघून गेले. मला रागच आला. लग्नाला सहा महिने झालेल्या बाईच्या कचऱ्यात परक्या माणसाने हात घालावा, हे मला मुळीच रुचलं नाही.

ते परुळेकर काका. जवळच्या पावणे गावातल्या एका लहान कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिवसभर नट, बोल्ट, वायसर ज्या त्या खणात टाकायचे आणि घरी आल्यावर आमच्या बिल्डिंगच्या कचऱ्यात तेच करायचे. जिन्याखाली त्यांनी तेलाचे तीन रिकामे डबे मांडले होते. एकात साली, देठं, शिळं-पाकं. दुसऱ्यात कागद, बाटल्या, पत्रा; ते रद्दीवाला न्यायचा. तिसऱ्या डब्याला त्यांनी झाकण डकवून वर नुसती चीर ठेवली होती. त्यात ब्लेड, फुटका बल्ब, काचा, सुया. तो भरला की स्वतः कारखान्यात नेऊन तिथल्या भंगारात घालत. आपल्या डब्यातलं काही कुणाच्या बोटात घुसू नये, एवढाच त्यांचा हट्ट.

खरं तर हट्टाचं कारण पहिल्या डब्यात होतं. तो डबा हिराबाई न्यायची. हिराबाई सानपाड्याच्या जुन्या गावातली. शेतं गेली, त्यांवर इमारती उठल्या, आणि तिच्यापाशी उरली एकच म्हैस. अमुक बिल्डिंग म्हणजे आमचा भाताचा तुकडा, असं ती बोट दाखवून सांगायची, पण त्यात कुरकुर नसायची. आमच्या साली म्हशीला आणि म्हशीचं दूध आम्हाला, असा सरळ व्यवहार होता. ती यायच्या आधी काका रोज संध्याकाळी पाटावर बसून त्या डब्यात कोपरापर्यंत हात घालत. नुसतं वरून बघून चालत नाही का, असं मी एकदा विचारलं. "डोळ्याचं काही खरं नाही, सूनबाई," ते म्हणाले. "बोटाला लागेल ते खरं." काकू मात्र त्या हातांना दोनदा साबण लावल्याशिवाय त्यांना ताटावर बसू देत नसत.

हळूहळू मीही सुधारले. माणूस बोलून नव्हे, शरमेने सुधारतो. आपण टाकलेलं कुणीतरी रोज बोटांनी चाचपणार आहे, हे कळल्यावर हात आपोआप थबकतो. दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळ्यांनी तर औषधाच्या फुटक्या बाटलीचे तुकडे कापडात बांधून, वर चिठ्ठी लावून पाठवले होते. काकांनी ती चिठ्ठी कितीतरी दिवस खिशात ठेवली.

मग त्या वर्षीचे गणपती आले. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी गणपती बसत. पाचव्या दिवशी निर्माल्याच्या दोन टोपल्या भरल्या. दरवर्षी त्या खाडीत जायच्या. त्या वर्षी हिराबाई म्हणाली, "पान्यात कुजवन्यापरीस माझ्या म्हशीला द्या. देवाचं हाय, तिला बी लागू दे." सगळ्यांना बोलणं पटलं. काकांना तर फारच. आयुष्यात पहिल्यांदा निर्माल्यालाही त्यांच्या व्यवस्थेत जागा मिळत होती. हिराबाई टोपली उचलायला वाकली, तेव्हा मी गमतीने म्हटलं, "काका, आज हात घालायचा राहिला."

काकांनी टोपलीला हात जोडले. भरून आलं की ते गावच्या भाषेत बोलत. "देवाचा गो ता," ते म्हणाले. "त्याच्यात काय असतला?"

निर्माल्य चाचपायचं नसतं. कचरा वेगळा, निर्माल्य वेगळं. एवढं आपल्याला लहानपणापासून कळतं. मीही हात जोडले.

आठवड्याने हिराबाई रिकाम्या हाताने आली. बिल्डिंगच्या दाराशीच खाली बसली. "म्हस रवंथ करत नाय, बाबा. पानी पन नाय पीत. नुसती कन्हते." काका पायात चपला सरकवून तसेच तिच्याबरोबर चालू लागले. ठाण्याहून गुरांचा डॉक्टर आणला. त्याने म्हशीची कूस फाडली आणि पोटातून तार काढली. चांगली बोटभर. जगेल की नाही ते आठ दिवसांनी कळेल, असं सांगून तो गेला. ते आठ दिवस काका कामावर जाताना आणि येताना सानपाड्याला थांबत होते. हिराबाईच्या गोठ्यात बसून म्हशीला ओंजळीने पेज पाजत होते.

त्यांनी बिल्डिंगभर सांगितलं, की ती तार त्यांच्याच मखरातली होती. डॉक्टरकडून मागून आणलेली ती तार त्यांनी मला दाखवली. हिरवी होती. आमच्या मखराला झेंडू आणि पानं बांधायला मी जुन्या बेलची वायर कापून वापरली होती. पानांत दिसू नये म्हणून मुद्दाम हिरवी घेतली होती. काकांच्या मखराला बांधायला तारेऐवजी केळीचं सोपट होतं, ते मी स्वतः पाहिलं होतं. तरीही मी गप्प बसले. चार दिवस बसले. ती लाज अजून गेलेली नाही.

पाचव्या दिवशी म्हशीने गवताची काडी तोंडात धरली. ते सांगायला काका जिन्यावर भेटले, आणि मला राहवेना. तार माझी होती, असं मी सांगून टाकलं. ते जिन्याच्या कठड्याला टेकले.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तार तुमची, पण हात माझा होता ना? तो मी घातला नाही."

म्हैस वाचली. त्या वेताचं दूध मात्र आटलं ते आटलंच. हिराबाईने वर्षभर लोकांकडे कपडे धुतले, पण आमचा डबा न्यायची थांबली नाही, आणि एका शब्दाने बोलली नाही. काका तेव्हापासून बदलले. पुढच्या गणपतीत त्यांनी निर्माल्याच्या टोपल्या अंगणात चटईवर उपड्या केल्या आणि एकेक हार उसवला. बिल्डिंगमधल्या एका आजींनी देवाच्या फुलांची ही काय चिवडाचिवड, म्हणून नाक मुरडलं. काका मान वर न करता म्हणाले, "आजी, देवाक चलता. म्हशीक चलना नाय." त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसून टाचण्या वेचल्या. पुढे दरवर्षी वेचल्या.

निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोच काका गेले. सकाळी चहा पिऊन पेपरची घडी रद्दीच्या डब्यावर ठेवली आणि तिथेच जिन्यापाशी बसले, ते उठले नाहीत. कारखान्यातली माणसं आली, बिल्डिंगची तर सगळीच. एव्हाना वाशीच्या बाजारात तारेवर ओवलेले जाडजूड हार मिळू लागले होते. काकांच्या अंगावर त्यांचा ढीग झाला.

उचलायच्या थोडं आधी हिराबाई आली. पाया पडली. मग तिथेच मांडी घालून बसली आणि वरचा हार उचलून त्यातली तार ओढायला लागली. कारखान्यातला कुणीतरी तिच्यावर डाफरला, की बाई, हे काय चालवलंय. तिने हात थांबवला नाही.

"हार काढून मसनाच्या कुंपनापाशी टाकतात. थितं गुरं चरतात," ती म्हणाली. "बाबांना चालायचं नाय."

काकूंनी त्या माणसाला हाताने थांबवलं. मी हिराबाईच्या समोर बसले. डोळ्यांना पाणी येत होतं, काही दिसत नव्हतं, पण दिसण्याची गरजही नव्हती. एकेक हार आम्ही बोटांनी चाचपला. तिरडी थांबली होती, भटजी घड्याळ बघत होते, आणि कुणीही घाई करा म्हणालं नाही. शेवटचा हार झाल्यावर मी सगळ्या तारा गोळा केल्या, जिन्याखाली गेले आणि त्या तिसऱ्या डब्याच्या चिरेतून आत सोडल्या.