आईचं पातळ नेसून काढलेली धार

आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट बारामतीच्या डॉक्टरांनी दोनदा वाचला. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. मग ते म्हणाले, “कार्सिनोमा. स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन लांबवू नका.”

मिशनचा दवाखाना त्यांनीच सुचवला. तो कॅथलिक नन चालवतात, नफा काढत नाहीत. मला ते रुचलं नाही. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलोय. उपचार हा हक्क आहे, कुणाची दया नव्हे, हे इंदापूरच्या स्टँडवर ओरडून सांगितलंय. पण सरकारी दवाखान्यात तारीख मिळेना. गेलो.

मास्टेक्टॉमी ठरली, म्हणजे स्तन काढण्याचं ऑपरेशन. दहा दिवस भरती.

“मला न्हाय जमायचं,” आई म्हणाली.

निरवांगीच्या घरी चार दिवस मी तिच्याशी भांडलो. हक्क, विज्ञान, मरण, सगळं सांगून झालं. ती भाकरी थापत राहिली.

पुढच्या तपासणीला एक वयस्कर सिस्टर तिच्याजवळ बाकावर बसल्या. “घरी तुमच्यावाचून कुणाचं अडतं?”

“म्हशीचं,” आई लगेच म्हणाली. “दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. आटली तर संपलंच की.”

मी शेजारीच उभा होतो. त्याच म्हशीच्या दुधाचा चहा रोज पितो. चार दिवसांत मला जे कळलं नाही, ते या परक्या बाईला एका वाक्यात मिळालं. माझा जळफळाट झाला.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “हा आहे की. आईचं पातळ नेसायचं आणि धारेला बसायचं. आमच्या गावी तसंच करतात.”

आई हसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. तेही त्यांच्याकडे बघून.

संध्याकाळी आईचं अंगावरचं, न धुतलेलं पातळ गुंडाळून मी गोठ्यात बसलो. “पदर तरी नीट घे, नवरीबाई!” आई दारातून ओरडली. म्हशीनं हुंगलं, लाथ झाडली, पुन्हा हुंगलं. मग बादलीत धार वाजली.

आई घरात गेली आणि दवाखान्याची पिशवी भरायला लागली.

ऑपरेशन नीट झालं. सकाळची धार उरकून मी एसटीनं पोचायचो. ड्रेसिंगच्या वेळी आई मला बाहेर काढायची, सिस्टरना आत घ्यायची. मी व्हरांड्यात जळत बसायचो.

निघताना सिस्टरचे आभार मानले, मनापासून. हक्काबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. मत्सरही गेलेला नाही. पण तुमच्या घरी अशी वेळ आली, तर समजवायला बसण्याआधी विचारा.

मी आता रोज विचारतो. दुखतंय का? हात वर जातोय का? काही अडलंय का?

आई वैतागते. “किती इचारतोस रं? सिस्टरनं येकदाच इचारलं हुतं.”