हारून मुकादमची हाक

ओमानमधल्या सहमच्या बाजारापासून आत, डांबरी रस्ता संपून खजुराच्या बागा सुरू होतात तिथे अर्बाब, म्हणजे मालक, खलफानचं फार्म आहे. लिंबं, खजूर, चाऱ्याचं गवत आणि साठ-सत्तर शेळ्या. हा सगळा पसारा गेली सव्वीस वर्षं सांभाळतो तो मंडणगड तालुक्यातला हारून मुकादम. आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता दाढी पांढरी झाली. बोलायला फटकळ, नमाजाला पक्का आणि कामाला इतका चोख, की अर्बाब महिन्यातून एकदा येतो तोही चहा प्यायला. हारूनची लोकांच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे त्याचा कुत्रा.

चार वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या पाइपात अडकलेलं पिल्लू त्यानं ओढून बाहेर काढलं आणि ते तिथेच राहिलं. त्याचं नाव ठेवलं मुदीर, म्हणजे मॅनेजर. दिवसभर सावलीत लोळत दुसऱ्यांची कामं बघणाऱ्याला आणखी काय म्हणायचं? कुत्र्याला खोलीत प्रवेश नव्हता, त्याचं भांडं वेगळं होतं, आणि त्याची लाळ कुठे लागलीच तर हारून सात वेळा धुवायचा. तरी गावाहून त्याची बायको गुलबानू फोनवर टोचायचीच.

“नमाजी मानसाच्या दारात कुत्रा शोभतो काय? लोक काय म्हनतील?”

“लोक सहमला येत नाहीत गो,” असं म्हणून हारून फोन ठेवायचा. पण बोल मनाला लागायचा.

त्या बोलानंच पुढे घात केला. थंडीत गुरांच्या दवाखान्याची माणसं फार्मोफार्म फिरून कुत्र्यांना रेबीजची लस टोचत होती. ती आली त्या दिवशी नेमके मशिदीचे इमाम आणि अर्बाबची म्हातारी आई अंगणात बसलेली. माणसानं कागद काढून विचारलं, “हा कुत्रा कुणाचा?” आणि हारून चारचौघांत बोलून गेला, “माझा नाही. असाच येतो-जातो.” बेवारशी कुत्र्याला त्यांनी सुई लावली नाही. पुढच्या जुम्यानंतर आपणच नेऊन टोचून आणू, इन्शाल्ला, असं म्हणता म्हणता घोंगडं भिजत पडलं आणि मार्च उजाडला.

मार्चमधल्या एका सकाळी, नऊच्या लख्ख उन्हात, शेळ्यांच्या गोठ्यात कोल्हा शिरला. तिकडचा कोल्हा म्हणजे खरं तर मोठ्या कानांचं, बारक्या अंगाचं खोकड, पण हारून त्याला कोल्हाच म्हणे. मुदीर त्याच्यावर तुटून पडला. कोल्ह्यानं त्याच्या नाकाडाचा लचका तोडला आणि कोरड्या ओढ्यातल्या झुडपांत पळ काढला. हारूननं घाबरून कुत्र्याचं रक्त उघड्या हातानंच पुसलं.

दुपारी गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर कौशिक आले. मूळचे साताऱ्याकडचे, सहमला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी आधी हारूनला हॉस्पिटलात पाठवून पहिलं इंजेक्शन घ्यायला लावलं, मुदीरला लोखंडी पिंजऱ्यात बंद केलं आणि मग बोलले.

“हारूनभाई, स्पष्ट सांगतो. दिवसाढवळ्या गोठ्यात घुसणारा कोल्हा मला बरा वाटत नाही. त्याला पकडून तपासायला हवं. निरोगी निघाला तर तुमच्या कुत्र्याला लस देऊ, विषय खलास. पण पिसाळलेला निघाला, तर बिनलशीचा कुत्रा शेळ्या-माणसांत ठेवता येणार नाही. त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागेल.”

“आणि कोल्हा सापडलाच नाही तर?”

“तरी झोपवावं लागेल. धोका घेता येत नाही.”

हारून झुडपांकडे बघत राहिला. “पिल्लांची आई असेल, डॉक्टर. हे दिवस त्यांच्या पिल्लांचे. भूक दिवस-रात्र बघत नाही.” ही आशा त्यानं घट्ट धरली.

डॉक्टरांनी एक यंत्र आणलं होतं. रिमोटचं बटण दाबलं की त्यातून पकडल्या गेलेल्या सशाची किंकाळी निघायची आणि शिकारी जनावर धावत यायचं. ओढ्याच्या काठावर ते मांडलं, शेजारी पिंजऱ्यात जिवंत कोंबडी ठेवली आणि भुलीची बंदूक घेऊन डॉक्टर चाऱ्याच्या गठ्ठ्यांमागे बसले. बटण दाबलं. यंत्र दोनदा खाकरलं आणि गप्प झालं. उन्हात गाडीत राहून बॅटरी फुगली होती. डॉक्टरांनी ते हलवलं, थोपटलं, इंग्रजीत शिव्या दिल्या. दुसरी बॅटरी मस्कतला, म्हणजे उद्यावर गेलं.

“उद्यापर्यंत तो कुठच्या कुठे जाईल,” डॉक्टर म्हणाले.

हारून उठला आणि चाऱ्याच्या गवताची एक रुंद पात तोडून घेऊन आला.

कोल्हा काकडीला राजी ही म्हण लोक नुसती तोंडानं म्हणतात. हारूनच्या चुलत्यानं ती काकडीच्या मळ्यावर बसून भोगली होती. कोल्ह्याला हाक मारून बंदुकीसमोर कसं आणायचं ते त्यानंच हारूनला शिकवलं. दोन अंगठ्यांत पात ताणून धरायची, ओंजळ मिटायची आणि फुंकायचं. ओंजळ उघडमीट केली की ससा रडतो. आधी मोठ्यानं रडवायचा, मग दमवायचा, मग मरता मरता विव्हळू द्यायचा.

“डॉक्टर, बंदूक तिकडे नको, इकडे धरा,” हारून कुजबुजला. “वारा समुद्राकडून आहे. कोल्हा आधी वळसा घालून वाऱ्याखाली जाईल, वास घेईल, बसेल, विचार करेल. अर्धा तास तर कुठेच गेला नाही.”

त्यानं फुंकलं. तीस वर्षांत पात ओठाला लागली नव्हती, तरी पहिलीच किंकाळी अशी निघाली की पिंजऱ्यातली कोंबडी दबून बसली. गोठ्यामागे मुदीर भुंकून भुंकून वेडा झाला. हारूनला क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, अभिमानच वाटला. त्यानं मनात अल्लाचं नाव घेतलं आणि पुन्हा फुंकलं.

दोन मिनिटंही झाली नसतील. समोरचं झुडूप हललं आणि कोल्हा बाहेर आला.

आला तो सरळ आला. वळला नाही, थबकला नाही, नाक वर केलं नाही. मागचा एक पाय ओढत, उघड्या वाळूवरून, हारूनच्या रोखानं चालत आला. पिंजऱ्याशी पोचल्यावर त्यानं कोंबडीकडे पाहिलंही नाही. पिंजऱ्याची तार दातांत धरून चावत सुटला. हारूननं पात ओठांवरून खाली घेतली. डॉक्टरांची बंदूक वाजली. कोल्हा चार पावलं झोकांडला आणि आडवा झाला.

“वा, हारूनभाई! यंत्र हरलं, तुम्ही जिंकलात!” डॉक्टर उठून उभे राहिले.

हारून जागचा हलला नाही. “तो वळला नाही, डॉक्टर,” तो म्हणाला. “शहाणा कोल्हा असा येत नाही. भुकेला पण येत नाही.”

डॉक्टरांनी खाली पडलेल्या जनावराच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचाही आनंद उतरला. “रिपोर्ट येऊ दे,” एवढंच ते म्हणाले.

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस हारून कामं उरकून पिंजऱ्यापासून हातभर लांब स्टूल टाकून बसायचा. गुलबानूचा फोन आला तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “लसवाल्यांना खरं सांगायचं होतं तुमी.” तिचं खरं होतं आणि त्याला ते सोसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर कौशिक दोन माणसं आणि जाड हातमोजे घेऊन आले. त्यांचा चेहरा बघूनच हारूनला रिपोर्ट कळला. माणसांनी पिंजऱ्याचं दार थोडं उघडून फासाची काठी आत घातली, तर मुदीर पार मागच्या कोपऱ्यात जाऊन दात विचकायला लागला. काठी दोनदा हुकली. जाळीला घासून त्याच्या नाकाडाची जखम पुन्हा वाहू लागली.

“बस करा,” हारून ओरडला.

डॉक्टर त्याच्याजवळ आले. “असं ओढून काढलं तर त्याचे हाल होतील. तुमचं ऐकतो तो. तुम्ही बोलवाल का त्याला?”

हारूननं डोळे पुसले. फासाच्या मागे, मुदीरला आपला चेहरा दिसेल असा, तो उकिडवा बसला.

“मुदीर,” त्यानं हाक मारली. “ये रे, माझ्या राजा.”

मुदीर उठला आणि शेपूट हलवत सरळ चालत आला.