सैल सोडायचं ते बैलांना

रिलॅक्स हा शब्द मी लढाईच्या वर्षांत पलटणीत शिकलो. परेडला ताठ उभं करून झालं की हवालदार ओरडायचा, "रिलॅक्स!" म्हणजे जागा सोडायची नाही, अंग तेवढं सैल सोडायचं. गोऱ्या साहेबाचं रिलॅक्स निराळं. तो खुर्चीत तंगड्या पसरून चिरूट ओढायचा, आणि तेवढा वेळ कुणी त्याला हाक मारायची नाही.

रजेवर कडेगावला आलो तेव्हा आमचं गुऱ्हाळ चालू होतं. बायकोचे दिवस भरत आलेले, आणि ती रसाच्या कढईखालच्या चुलवणाला चिपाडं वाहत होती. दुपारी चुलता म्हणाला, "बैलं सोडा रं. लय दमल्यात." बैलांच्या मानेवरचं जू उतरलं. त्यांना सावली, पाणी, उसाचं वाढं, सगळं मिळालं. बाप आणि चुलता बाजेवर टेकले. बायको मात्र कमरेवर हात देऊन उभीच. सासऱ्यापुढं सुनेनं बसायचं नाही, ही म्हणे आमच्या घराची इभ्रत. थू असल्या इभ्रतीवर! आजही आठवलं की शिसारी येते.

मी म्हणालो, "बस की गं जरा."

पदर पुढं ओढून ती म्हणाली, "आवं, मामंजी हाईत."

मी दंडाला धरून तिला उसाच्या मोळीवर बसवलं. बाप उठला, पायताण घातलं, खाकरून थुंकला आणि चालता झाला. चुलता हसला, "सायब झाला गडी आपला! उद्या बाजेवर बसवंल तिला आन् आमाला चिपाडं उचलाय लावंल."

ती लगेच उठली. "तुमी जाशीला परत पलटणीत," हळूच म्हणाली. "मला हितंच ऱ्हायाचंय." आणि पुन्हा चिपाडं उचलली.

जन्मभर तेच. सासरा गेला, चुलता गेला, तरी दारात कुणी वडीलधारं आलं की ही म्हातारी गुडघे धरून उठायची. मी खेकसायचो. "सवय हाय," म्हणायची.

गेल्या महिन्यात ती गेली. तिरडी बांधताना भावकीतला एक जण सुतळी ओढत म्हणाला, "आवळा रं, सैल सोडू नगा." त्याच्या हातातली सुतळी हिसकावली आणि सगळ्यांदेखत मी स्वतः गाठी ढिल्या केल्या.

"आवं आबा, वाटंत हालंल की ती."

"हालू दे," म्हणालो. "आता कोण सासरा बसलाय हितं?"