न लागलेल्या कुस्तीचा निकाल

शेषराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाभुळगावात न्हाव्याच्या खुर्चीत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. तोंड पुसलं आणि तसाच निघालो. त्याच्या अंगणात माणसं दाटली होती. माझ्या अर्ध्या दाढीकडे पाहून, डोळे पुसता पुसता कमलवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे असते तं म्हनले असते, दोन गालांची जोड बराबर नाही लागली तुमची." मी तिथेच हसलो. मयताच्या दारात हसणारा मी पहिलाच नसेन, पण त्या दिवशी तरी एकटाच होतो.

जोड लावणं हेच शेषरावचं काम. पोटापाण्याला कापूस आणि तूर होतीच, पण कापूस निघाला की गावोगावच्या कुस्त्यांच्या दंगलीत कोणत्या पैलवानासमोर कोण उभा करायचा हे तो ठरवायचा. वजनकाटा नाही, कागद नाही. दोघांना शेजारी उभं करायचं, खांदे दाबून पाहायचे, मान पाहायची, आणि फारच शंका आली तर खिशातल्या सुतळीने मनगट मोजायचं. मग हात मिळवायला सांगायचं. हात मिळाला की जोड पक्की. त्याने लावलेल्या जोडीला 'नाही' म्हणणारा पैलवान मी पाहिला नाही. मी माईकवर असायचो. माझा कुस्तीचा अनुभव एवढाच, की तरुणपणी एकदा आखाड्यात उतरलो, समोरच्याने सलामीला हात दिला आणि त्या हिसक्यातच मी आडवा झालो. तेव्हापासून मी जाणकार.

शेषरावचा बाप दौलत पैलवान, त्याच्या काळात तालुक्यात नावाजलेला. तीस वर्षं चहाच्या टपरीवर आमचा एकच वाद चालला. मी म्हणायचो, "शेषराव, आजच्या पोट्ट्यायपैकी तुह्या बापासमोर कोणी टिकलं असतं का?" तो बशीत चहा ओतत म्हणायचा, "जोड पाह्यल्याशिवाय सांगता येत नाही." "अरे, पण बाप तं गेला!" "मंग कायले इचारतं बे?" वाद संपायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. दरवर्षी माझ्या तोंडून दौलत पैलवानाची छाती दोन इंच वाढायची.

मग एका वर्षी ती दंगल झाली. शेवटची कुस्ती फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरच्या रोहिदास राठोडने मारली. पोरगा मॅटवर शिकलेला, चपळ, बोलायला शांत. तांड्यावरची माणसं डफड्यावर नाचत होती, पोराच्या डोक्यावर गुलाल होता. मला कसलं वारं शिरलं देव जाणे... माईकवर ओरडलो, "वा रे पठ्ठे! पण आज दौलत पैलवान असते ना, तर याची पाठ दोन मिनिटांत मातीला लागली असती!"

डफडं थांबलं. रोहिदास माझ्याकडे आला नाही, सरळ शेषरावकडे गेला. मी सदा त्याच्याच शेजारी बसणारा, तेव्हा शब्द त्याचेच, असं सगळ्यांनी धरलं. "काका, तुमच्या भरोशावर आमी हात मिळवतो. तुमच्या पोटात हेच होतं का?" एवढं बोलून तो माणसं घेऊन निघून गेला. शेषरावच्या नजरेत बापाचा पक्षपात आहे, ही गोष्ट एकदा गावोगाव पसरली असती, तर कोणी त्याच्या शब्दावर हात मिळवला नसता. आणि त्याच्याकडे दुसरं होतं काय?

सकाळी तो मोटारसायकल घेऊन दारात. "बस." कुठे, ते विचारायची हिंमत झाली नाही. अर्धा जिल्हा ओलांडेपर्यंत मी मागे बसून माफीची भाषणं पाठ करत होतो. तांड्यावर पोचल्यावर एकही आठवलं नाही. म्हणालो, "बाबू, चूक माही आहे. यानं मले तसं कधीच म्हटलं नाही. आन् मी दौलत पैलवानाले लढताना पाह्यलंच नाही. मी पाह्यलं तेव्हा ते म्हातारे होते, ओसरीत दूध पीत होते."

एक म्हातारी म्हणाली, "मंग याले माईकवर चढवलं कोनं?"

सगळे हसले. रोहिदास हसला नाही. "काका, तुमी सांगा. मी पडलो असतो का?"

शेषरावने सुतळी काढली. तिला आधीच एक गाठ होती, बापाच्या मनगटाची. रोहिदासचं मनगट मोजून त्याने लगेच दुसरी गाठ मारली. मग सावकाश बोलला, "माह्या बापाची पकड अशी, का मान धरली तं सुटत नव्हती. पण तू खाली वाकून पायात घुसतं, तसं घुसणारा त्यानं जल्मात पाह्यला नव्हता. पयल्या दोन मिनिटांत त्याची धांदल केली असती तू. पण मातीत अर्धा घंटा झुंजायचा दम तुह्यात हाये का, ते तुलेही माहीत नाही."

"मंग?"

"मंग काय? मी ही जोड लावली असती. जिचा निकाल आंधीच सांगता येते, ते जोडच नसते."

रोहिदासने सुतळीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. पुढच्या वर्षी तो दंगलीला आला. तांड्यावरून परतताना शेषराव मला एवढंच म्हणाला, "आता तरी माईक सोड." मी सोडला नाही. त्यानेही माझ्या शेजारची खुर्ची सोडली नाही.

तेरवीनंतर मी पुन्हा गेलो, या वेळी दोन्ही गाल करून. दारामागच्या खुंटीला सुतळी लटकत होती. दोन गाठी, मध्ये तुरीचा दाणा मावेल एवढं अंतर. लांबची कोणाची, बापाची का रोहिदासची, ते मला कळेना. तांड्यावर मी मान खाली घालून उभा होतो, पाहणार कसं? वहिनींना विचारलं.

"मलेही नाही सांगतलं त्याईनं," त्या म्हणाल्या. "तुमाले काय वाटते?"

मला वाटत होतं बरंच. तोंड उघडलंही होतं... मग सुतळी खुंटीला परत अडकवली आणि म्हणालो, "चहा टाका, वहिनी."