न तरंगवलेली बाजरी

नागपुरात बाजरी खाणारं माणूस मला फारसं भेटलं नाही. इथे पोळी, भात, फार तर ज्वारीची भाकर. मी बीडकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हापासून फरशी बसवायच्या कामावर गावोगाव फिरलो आणि सहा वर्षांपूर्वी इथे येऊन थांबलो. उमरेड रोडच्या अंगाला, जिथे प्लॉट पडलेत पण घरं अजून विरळ आहेत, तिथे एका काकूंच्या मागच्या खोलीत राहतो. काकूंचे यजमान वारले, मुलगा हैदराबादला. घरात त्या एकट्या आणि अंगणात एक गाय.

त्यांच्याच न्हाणीघराची फरशी बसवताना मला ताप भरला होता. बाकीचे गडी पुढच्या साइटवर निघून गेले. काकूंनी आठ दिवस मऊ भात खाऊ घातला, मग म्हणाल्या, खोली रिकामीच आहे, राहा. इतकं सोपं करून कुणी मला काही दिलेलं नव्हतं. म्हणूनच बहुतेक, तेव्हापासून एक धाक मनात बसला, की ही खोली आपल्या हातून जाऊ नये. नळ दोनदा पिळून बंद करतो. दार आवाज न करता लावतो. सणाला सगळी आळी आपापल्या माणसांत असते तेव्हा मी दिवा लवकर घालवतो, म्हणजे कुणाला बोलवावं लागू नये.

मागच्या दिवाळीनंतर आईने गावाकडून ट्रॅव्हल्सच्या गाडीत बाजरीचं पोतं घालून दिलं. पोत्याचं तोंड सोडलं आणि वास आला, तसा मी थोडा वेळ तिथेच खाली बसलो. मग पहिलाच डबा भरून काकूंना नेऊन दिला. द्यायच्या वस्तूत हात घालून काय बघायचं, असं वाटलं. दुसऱ्याच्या घरातली एकूण एक फरशी ठोकून, पोकळ वाजते का ते ऐकणारा माणूस मी, पण त्या डब्यात बोट घातलं नाही.

गाय चार दिवसांपूर्वीच व्याली होती. मी सांगितलं, आमच्याकडे व्यालेल्या गाईला बाजरी शिजवून, गूळ घालून चारतात, दूध वाढतं. काकू म्हणाल्या, "हे मले माहीत नव्हतं बाप्पा." सहा वर्षांत त्यांना ठाऊक नसलेलं मी काही सांगितलं, असं पहिल्यांदाच झालं. ते वाक्य मी दिवसभर साइटवर बरोबर घेऊन फिरलो. त्याच दिवसापासून काकू गाईला बाजरी शिजवून घालू लागल्या.

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी माझ्यापुरती बाजरी काढली आणि आईसारखं मिठाचं पाणी केलं. आमच्याकडे बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला की कणसावर मधासारखा चिकटा येतो, आणि पुढे दाण्याच्या जागी काळं, लांबट, उंदराच्या लेंडीसारखं काही धरतं. तसल्या सालात आई पाण्यात बटाटा तरंगेल इतकं मीठ घालायची. चांगला दाणा तळाला बसतो, काळा वर येतो. वरचं काढून थेट चुलीत. उकिरड्यावरसुद्धा टाकायचं नाही, कोंबड्या खातील म्हणून. तळाची बाजरी तीनदा धुऊन उन्हात वाळवायची. एका वर्षी शेजारच्या घरी असं न करताच दळलं. घरातली सगळी माणसं ओकत, झिंगत दोन दिवस पडून होती, आणि त्यांची म्हैस आटली.

माझ्या परातीत काळे दाणे वर आले. दोन-चार नाहीत, चांगले मूठभर.

आईला फोन लावला. काळ्या दाण्यांचं सांगितलं नाही, एवढंच विचारलं की औंदा तरंगवली होती का. ती म्हणाली, "आता पाणी ओढवत नाही रे. हातानं निवडली, दाणा न् दाणा. एक काळा नव्हता बघ." मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं. काळा नव्हता असं नाही, तिला दिसला नव्हता.

खिडकीतून अंगण दिसत होतं. वासरू कासेला ढुसण्या देत होतं आणि तोंड काढून पुन्हा लावत होतं. कास मऊ पडली होती. काकू आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या की गाय दूध चोरून राहिली. त्यांनी हौसेने एक भाकर स्वतःही थापून खाल्ली होती, तेव्हापासून गरगरतंय, दोनदा उलटी झाली, पित्त असेल म्हणाल्या होत्या. हे सगळं मी ऐकलं होतं आणि लिंबू पाणी घ्या म्हणून सांगितलं होतं.

आता मी न बोलता राहिलो असतो तर कुणाला कळणार नव्हतं. खरं सांगायचं तर अर्धा तास मी तसाच राहिलो. पण मग त्यांनी भिंतीला धरत धरत अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवलं आणि माझा डबा आणला. मी परात तशीच उचलून बाहेर गेलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही; आईला आता नीट दिसत नाही, तेही बोलून गेलो. खोली आजच सोडतो, असंही म्हणालो.

काकूंनी काळे दाणे बोटाने सारून पाहिले.

"हे तुले कधी समजलं?"

"आत्ता. अर्धा तास झाला."

"मंग अर्धा तास काय करून राहिला होता गा?"

मी परात खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "खोलीचं मंग पाहू. आधी जनावराच्या डॉक्टरले आण."

डॉक्टरांनी दाणे कागदात बांधून घेतले. अरगट म्हणतात याला, बुरशीच असते ही, म्हणाले. यानेच दूध गेलं असेल किंवा दुसरंही कारण असेल. बाजरी बंद करा, वासराला बाहेरचं दूध पाजा, दूध परत येईलच असं सांगत नाही. काकूंनाही दवाखान्यात नेलं. त्या दोन दिवसांत सावरल्या. पण माझ्याशी कामापुरतंच बोलत.

रोज कामावर जायच्या आधी मी डेअरीतून दूध आणून वासराला बाटलीने पाजत होतो. गाय माझ्याकडे बघायची. खोलीतलं सामान एका पिशवीत भरून ठेवलं होतं. इतक्या वर्षांचं, आणि एका पिशवीत मावलं.

दहाव्या दिवशी सकाळी वासराने बाटली घेतली नाही. त्याच्या तोंडाला आधीच फेस होता. मी काकूंना हाक मारली. त्यांनी कासेला हात लावला, धार काढून पाहिली. बारीकच होती, पण होती.

"पोतं आण," त्या म्हणाल्या. "ते मिठाचं पाणी कसं करता, दाखव मले. एवढं धान्य फेकता काय?"

बटाटा तरंगला. काळे दाणे मी वरून काढत होतो, त्या चुलीत टाकत होत्या. तेवढ्यात आईचा फोन आला. बाजरी आवडली का त्यांना, तिने विचारलं. आवडली म्हणालो. पुढच्या साली आणखी धाडते म्हणाली. धाड म्हणालो, तू नीट निवडतेस.

काकू ऐकत होत्या. चुलीतलं लाकूड पुढे सारत त्यांनी विचारलं, "तिच्या डोळ्यांचं काय करून राहिला गा तू?"

मी परातीतलं पाणी ओतून दुसरं घेतलं.